तीनशे बारा चेहऱ्यांची पुट्टी

"अजून एक हात मार," मडिवाळप्पा म्हणाले.

सुकन्यानं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. सकाळपासून हे वाक्य किती वेळा ऐकलं, ते मोजायचं तिनं अकरा वाजताच सोडून दिलं होतं. मडिवाळप्पांचं अहमदपुरात सिमेंटचं दुकान. पांढरं सिमेंट, वॉल पुट्टी, प्रायमर, ब्रश. तीस वर्षं तोच धंदा केल्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट त्यांना भिंतच वाटायची, माणसाचं तोंडसुद्धा.

"अप्पा, आता मारला तर नाक जाईल."

"नाक कुठं जातंय? जागेवरच ऱ्हातंय की."

"जागेवर ऱ्हाईल, पण दिसणार न्हाई. हे बघा." तिनं उजेडाची पट्टी उजवीकडं ओढली. पडद्यावरच्या पोरीचं नाक विरघळलं. दोन डोळे, दोन भुवया, ओठ आणि खाली दोन बारीक भोकं तेवढी उरली.

"वा!" मडिवाळप्पा खूश झाले. "हेच म्हणून राहिलो ना मी मघापासून! बघ कशी लख्ख आली."

खरं तर चूक तिचीच होती. लिंगायत वधू-वर मंडळाची परिचय पुस्तिका दरवर्षी निघायची, आणि दरवर्षी ती बघून माणसाचं डोकं फिरायचं. कुणी आधार कार्डाचा फोटो धाडायचा, कुणी ट्रॅक्टरवर बसलेला. एका पोरीच्या खांद्यावर फोटोतून कापून टाकलेल्या मामाचा नुसता पंजाच राहिला होता, आणि वर्षभर लोक तिच्या घरच्यांना विचारत होते, हा हात कुणाचा. यंदा मडिवाळप्पा अध्यक्ष झाले, तेव्हा सुकन्याच आपल्या पायानं त्यांच्या दुकानात गेली. सगळ्यांचे फोटो मीच काढते म्हणाली, एका पद्धतीनं, पांढऱ्या पडद्यासमोर, भरपूर उजेडात. आमच्या धंद्यात याला हाय-की म्हणतात. नमुना म्हणून तिनं तिथल्या तिथं मडिवाळप्पांचाच फोटो काढला आणि संध्याकाळी करून दाखवला.

मडिवाळप्पा त्या फोटोकडं बघतच राहिले. "मी एवढा गोरा हाय?"

"गोरे न्हाई अप्पा. उजेडात आहात."

हे वाक्य त्यांनी ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

उजेड आणि गोरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या लोकांना कोण सांगणार? शिकलेल्यांना नाही कळत, न शिकलेल्यांचं काय घेऊन बसलात. हाय-की फोटोत माणूस पांढरा करायचा नसतो. मागचा पडदा पांढराशुभ्र करायचा, गालाखालच्या, हनुवटीखालच्या सावल्या हलक्या करायच्या, आणि कातडीचा रंग तिचा तिलाच ठेवायचा. डोळे, केस, भुवया गडदच हव्यात, नाहीतर फोटोत धरायला काही उरत नाही. संगणकाच्या कोपऱ्यात उजेडाचा एक आलेख असतो, डोंगरासारखा. तो उजवीकडं सरकवायचा, पण उजव्या भिंतीला धडकू द्यायचा नाही. एकदा धडकला की तिथलं सगळं संपलं. तिथं मग कातडी नाही, सुरकुती नाही, नुसता कोरा कागद. सुकन्या हे सगळं एकटीनं शिकली होती, वडिलांच्या जुन्या स्टुडिओत बसून, बाराशे वेळा चुकून. सावळ्या माणसाचा हाय-की फोटो नीट जमला तर इतका देखणा होतो, की बघणाऱ्याला आपल्या डोळ्यांची लाज वाटावी. तिला तेच करून दाखवायचं होतं. समाजाच्या पुस्तिकेत, तीनशे बारा वेळा.

आणि त्या तीनशे बारांत एक ती स्वतः होती. नंबर एकशे सत्त्याऐंशी. वय एकतीस, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय फोटोग्राफी, वर्ण सावळा.

दोन वर्षांपूर्वी आईच्या, रत्नम्माच्या रडण्याला कंटाळून सुकन्यानं स्वतःचा फोटो स्वतःच्याच हातानं पांढरा केला होता. देगलूरची माणसं तो फोटो बघून आली. पोराच्या मावशीनं पोह्यांची बशी खाली ठेवली, मोबाईल काढला, तो सुकन्याच्या गालाजवळ धरला आणि रत्नम्माला विचारलं, "ही थोरली का? धाकटीला बोलवा की."

धाकटी नव्हतीच. सुकन्या एकुलती एक.

त्या दिवसापासून तिनं ठरवलं, आता आपला फोटो जाईल तर आपलाच जाईल. कुणी येवो न येवो. पण जो येईल त्यानं निदान दारात उभं राहून दुसरी पोरगी मागू नये.

"आता असं कर," मडिवाळप्पा खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "हाच हात सगळ्यांना एकदम मारता येतो का?"

येतो. एक कृती नोंदवून ठेवायची आणि फोल्डरवर सोडायची. वीस मिनिटांत सगळे चेहरे तयार. सुकन्यानं ते सांगायला नको होतं, पण तीन दिवस झाले होते, मान अवघडली होती, आणि समोर हा माणूस पुट्टीच्या भाषेत बोलत होता.

"येतो. पण मी तुम्हाला सांगून ठेवते अप्पा, हे वाईट होणार."

"वाईट काय त्यात? पोरींचे बाप माझ्या पाया पडतील. लई दुवा देतील."

"आणि एकशे सत्त्याऐंशीला लावणार न्हाई."

"ते कोण?"

"मी."

मडिवाळप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं, मग परत तिच्याकडं. "हे बघ पोरी, तू माझ्या मुलीसारखी. नऊ फोटोंच्या पानात एकच काळा राहिला, तर पान कसं दिसतंय? भिंतीवर ओल आल्यासारखं."

"मग मला काढून टाका."

"असं कसं काढू? तुझ्या आईनं हात जोडून फॉर्म दिलाय माझ्याकडं."

"तर मग आहे तसं ठेवा. ओल तर ओल."

"तू बापावर गेलीस बघ. तोबी असाच, तिरसट." त्यांनी घड्याळात पाहिलं. "बरं, ते नंतर बघू. प्रूफ तर काढ आधी."

तीनशे अकरा चेहऱ्यांवरून ती कृती फिरली. सुकन्या खिडकीतून बस स्टँडकडं बघत उभी राहिली. आपण काय करून राहिलोय हे तिला कळत होतं. तरी तिनं थांबवलं नाही. मागून मडिवाळप्पांचा आवाज येत होता, "वा, वा. आता कसं!"

पुस्तिकेची पहिली प्रत नागम्मांना दाखवल्याशिवाय छापायची नाही, असा मंडळाचा जुना रिवाज होता. नागम्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सगळे त्यांना मोठ्या अव्वा म्हणत. अध्यक्ष कुणीही होवो, त्या बघणार, मान हलवणार, मगच छापखाना. यंदा तर त्यांनी जास्तीचं काम अंगावर घेतलं होतं. लातूर, नांदेड आणि देगलूर, तिन्ही ठिकाणी फोटोची शिबिरं झाली, तेव्हा हॉलच्या दारात खुर्ची टाकून त्या बसल्या. हातात विभूतीची वाटी. येणाऱ्या प्रत्येक पोराच्या, पोरीच्या कपाळावर स्वतःच्या तीन बोटांनी आडवे पट्टे ओढायच्या आणि मगच आत सोडायच्या. एका पोरीनं टिश्यूनं पुसायचा प्रयत्न केला, तर तिला परत बोलावून दुप्पट लावली.

बुधवारी दुपारी मडिवाळप्पा प्रूफ घेऊन त्यांच्याकडं गेले. सुकन्यालाही नेलं, कौतुक ऐकायला.

नागम्मांनी चष्मा पदरानं पुसला. पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. तिसऱ्यावर बोट ठेवून एकेका चेहऱ्याच्या कपाळावरून फिरवलं, मग वाकून जवळून बघितलं.

"मडिवाळप्पा."

"काय अव्वा? झकास झालंय ना?"

"इभूत कुठाय?"

"इभूत... आहे की."

"दाखव."

मडिवाळप्पांनी पान हातात घेतलं. उजेडाकडं धरलं, तिरकं धरलं, लांब धरलं. मग सुकन्याकडं बघितलं. तिलाही ते त्याच क्षणी कळलं होतं, आणि आपल्याला आधी का सुचलं नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली होती. पांढऱ्या कपाळावर पांढरी राख दिसणार कशी? राख दिसायला खाली कातडी लागते.

"म्या तीन गावं फिरले," नागम्मांचा आवाज चढला. "कंबर मोडूस्तोवर बसले. एकेकाच्या कपाळाला हात लावला. आणि तुम्ही सगळ्यांची कपाळं पुसली? लिंगायताच्या पुस्तकात इभूत न्हाई? मग हे कुणाचं पुस्तक हाय, साबणवाल्याचं?"

"अव्वा, तसं न्हाई, ते जरा उजेड जास्त..."

"गप बस." त्या पानं उलटत राहिल्या. एकविसाव्या पानावर थांबल्या. "हिची दिसायलीय बघ. तिन्ही पट्टे. माझं मधलं बोट वाकडं हाय ना, तो मधला पट्टाबी वाकडा आलाय. ही कोण?"

"मी, अव्वा," सुकन्या म्हणाली.

नागम्मांनी एकदा फोटोकडं आणि एकदा तिच्याकडं बघितलं. "तूच दिसतीस की," त्या म्हणाल्या, आणि पुस्तिका मडिवाळप्पांच्या मांडीवर टाकली. "इभूत आणल्याबिगर हे छापायचं न्हाई."

तिथून स्टुडिओत येईपर्यंत मडिवाळप्पा रस्ताभर घाम पुसत होते. पुस्तिका गुरुवारी रात्री छपाईला जायची होती. रविवारी लातूरला मेळावा.

"इभूत घाल," खुर्चीत बसताच ते म्हणाले.

"कुठं घालू?"

"कपाळावर! आणि कुठं?"

"अप्पा, पांढऱ्यावर पांढरं घालू?"

"मग जरा राखाडी घाल."

तिनं घातली. पोरगी भट्टीवरून आल्यासारखी दिसायला लागली.

"न्हाई न्हाई, पुस. बाजूनं बारीक काळी रेघ मारून बघ."

"शाळेतला नकाशा करायचाय का? नद्याबी दाखवू?"

"चेष्टा करू नको, माझा जीव जायची पाळी आलीय. फक्त कपाळ तेवढं काळं करता येतंय का?"

आता मात्र सुकन्या उठून उभी राहिली. "अप्पा, ऐका. मूळ फोटो सगळे माझ्याकडं आहेत. आजची दुपार आणि उद्याचा दिवस द्या. एकेक फोटो हातानं करते. उजेड भरपूर ठेवते, पडदा पांढरा ठेवते, चेहरा ज्याचा त्याला देते. इभूत आपोआप दिसंल. कुणाच्या कपाळाला काही करायला लागणार न्हाई. मी पहिल्यापासून हेच सांगून राहिले ना?"

मडिवाळप्पांनी थोडा वेळ विचार केला. ते वाईट माणूस नव्हते. असते तर त्यांच्यावर रागावणं सोपं गेलं असतं. "कर," ते म्हणाले. "पण पालकांना विचारलं पाहिजे. प्रूफ ग्रुपवर टाकलंय मी कालच."

"का टाकलंत?"

"कौतुक व्हायलं होतं म्हणून."

त्यांनी ग्रुपवर लिहिलं की विभूती दिसत नसल्यानं फोटो पुन्हा मूळ रंगात करत आहोत. पाच मिनिटांत फोन सुरू झाले. मडिवाळप्पांनी स्पीकर लावला, कारण आता त्यांना साक्षीदार हवा होता.

"अप्पा, एवढं चांगलं झालंय, कशाला हात लावता? राहू द्या की."

"इभूतीचं काय मग?"

"अहो, इभूत मनात असावी."

दुसरा फोन मुरुडहून. "आमच्या महांतेशचा फोटो बघून काल तीन ठिकाणावरनं विचारणा आलीय. आता काळा केला तर मी मंडळाचा राजीनामा देतो, सांगून ठेवतो."

तिसरी एक आई नांदेडहून नुसती रडत होती. पोरीचं वय वाढत चाललंय, आता कुठं एक फोटो बरा आलाय, आणि तुम्ही तो पण... पुढचे शब्द कळले नाहीत. सुकन्यानं खाली मान घातली. या बाईवर चिडावं तरी कसं? हिच्याही दारात कुणीतरी येऊन मोबाईल गालाला लावला असेल.

चौथा फोन सुकन्याच्याच मोबाईलवर आला. आईचा.

"सुकन्या, एक सांगू? चिडू नको. ते सगळे पांढरेच राहायलेत म्हणं. मग तुझाबी करून टाक. एकटीच उठून दिसशील गं."

"उठून दिसले तर काय झालं आई?"

"तसं उठून न्हाई म्हणत मी."

सुकन्यानं फोन बंद केला. तीनशे अकरा घरांत विभूतीसाठी भांडायला एकही माणूस नव्हता, एक म्हातारी सोडून. आणि म्हातारी हॉलच्या दारात बसून प्रत्येकाच्या कपाळाला हात लावत होती, तेव्हा सगळे कसे वाकून वाकून पाया पडत होते!

संध्याकाळी मडिवाळप्पांनी तोडगा काढला. तोडगा काढण्यात आपल्या माणसाचा हात कुणी धरू शकत नाही. प्रत्येक पानाच्या वर भगव्या रंगाची पट्टी टाकायची आणि त्यावर तीन पांढरे पट्टे, ठसठशीत. कपाळावर नाही तर पानावर विभूती. चेहरे आहेत तसेच.

"अव्वा मानतील?"

"मानतील. डोळे अधू हायत, भगवं दिसलं की झालं. तू टाक फक्त." मग जरा थांबून, तिच्याकडं न बघता, "आणि एकशे सत्त्याऐंशीला तेवढा एक हात मारून टाक. आता सगळेच..."

"न्हाई."

"ऐक की."

"अप्पा, पट्टी टाकते. पस्तीस पानांवर टाकते. तुमची इज्जत वाचवते. पण माझ्या फोटोला हात लावायचा न्हाई. लावायचा असंल तर ही फाईल उचला आणि लातूरला दुसऱ्या कुणाकडं न्या. उद्या रात्रीच्या आत करून देणारा गावला तर मला सांगा."

मडिवाळप्पा तिच्याकडं बघत राहिले. भिंत आपल्याला उलट बोलतीय, असं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं.

"रत्नम्माला मी काय सांगू?"

"सांगा, पोरगी तिरसट हाय. बापावर गेलीय."

मडिवाळप्पांनी भगवी पट्टी नागम्मांना लांबूनच दाखवली आणि पुस्तिका छापून आली. रविवारी लातूरच्या हॉलमध्ये सातशे-आठशे माणूस जमलं, आणि अर्ध्या तासात जो गोंधळ उडाला तो मंडळाच्या इतिहासात कधी उडाला नव्हता. कुणालाच कुणी ओळखू येईना. हातात पुस्तिका उघडी धरून बाया रांगेरांगेनं हिंडत होत्या, पोरींच्या तोंडाजवळ पान धरत होत्या, आणि "तुमचा नंबर किती?" असं विचारत होत्या. एक बाप्या चौऱ्याण्णव नंबरची पोरगी समजून तिच्या वहिनीलाच सगळं विचारून बसला, पगारापासून राशीपर्यंत. माईकवरून मडिवाळप्पा ओरडत होते, "कृपया सर्वांनी नंबरचा बिल्ला छातीवर लावावा! फोटोवर जाऊ नये!"

सुकन्या कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभी होती. तिला हसायला यायला हवं होतं, पण हसू येत नव्हतं. चीड येत होती, आणि त्यातली निम्मी स्वतःची होती. हे सगळे चेहरे तिच्याच संगणकातून निघाले होते.

एक बाई लांबून सरळ तिच्याकडं चालत आली. ना नंबर विचारला, ना बिल्ला शोधला. "तू एकशे सत्त्याऐंशी ना, सुकन्या?"

"हाव."

"मी मुरुडची, कमलम्मा. आमचा महांतेश, दोनशे चाळीस." बाईनं पुस्तिका उघडली, पानाकडं बघितलं, सुकन्याकडं बघितलं, परत पानाकडं. "फोटो जरा काळपट आलाय, न्हाई?"

"न्हाई. बरोबर आलाय."

कमलम्मांनी पुन्हा एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं, या वेळी जरा जास्त वेळ. "होय," त्या म्हणाल्या. "बरोबरच आलाय." आणि मागं वळून हाक मारली, "महांतेश! इकडं ये. गावली."

महांतेश आला. सुकन्यानं त्याचा फोटो स्वतः काढलेला होता, देगलूरच्या शिबिरात. बहिणीकडं आलो होतो, म्हणून इथंच काढतो, असं म्हणाला होता. उन्हात रापलेला, नाकावर चिकनगुनियाचा काळा डाग असलेला, हसताना एक डोळा बारीक करणारा चेहरा. तो तिला नीट आठवत होता. समोर उभा होता तो मात्र फोटोतला. फोटोशी जुळावं म्हणून त्यानं तोंडाला पावडर थापली होती, गळ्यापर्यंत. हॉलमध्ये पंखे कमी, माणसं जास्त. घामाच्या दोन रेघा कानाजवळून खाली उतरल्या होत्या, आणि जिथून उतरल्या तिथं खरा माणूस दिसत होता.

"नमस्कार," तो म्हणाला.

रत्नम्मा मागच्या रांगेतून उठून धापा टाकत येत होती. मडिवाळप्पाही माईक सोडून इकडंच बघत होते. सुकन्यानं कॅमेरा खांद्यावरून काढून टेबलावर ठेवला.

"जेवणाच्या पंगतीमागं नळ आहे," ती म्हणाली. "आधी तोंड धुऊन या. मग बोलू."